किती खराब झालीस!

कर्जत लोकलच्या बायकांच्या डब्यात तीन जणींच्या बाकावर चौघी बसतात. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण रेल्वेच्या कुठल्याही नियमापेक्षा तो कसोशीने पाळला जातो. सकाळी गाडी कर्जतहूनच सुटते म्हणून आम्हाला खिडकी मिळते. चौथी सीट नेरळ, वांगणी, बदलापूरवाल्यांच्या वाट्याला. संध्याकाळी दादरला चढलं की ती आमच्या वाट्याला येते. चौथी सीट म्हणजे अर्धं अंग बाकावर, अर्धं वाटेत, एक पाय रोवलेला, पर्स मांडीवर, आणि गाडी कलली की समोरचीच्या गुडघ्याचा आधार.

त्या बाकावर बाईचं वजन रोज होतं. ‘सरका जरा’ म्हटलं की बसलेल्या तिघी तोंडाकडे बघत नाहीत, कमरेकडे बघतात. माझं वजन ८४ किलो होतं तेव्हा एकीने आवाज न चढवता, अगदी समजुतीने सांगितलं, ‘ताई, पुढच्या बाकावर बघा ना, तिथे बारीक बायका आहेत.’ तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. दिवसभर राबून तीही घरी निघाली होती. मी दाराशी जाऊन उभी राहिले, ती अंबरनाथपर्यंत.

पुढे चौदा महिन्यांत माझं वजन १५ किलोंनी उतरलं. आणि त्याच डब्यात, जिच्याबरोबर मी दहा वर्षं डबा वाटून खाल्ला त्या मैत्रिणीने मला बघून कपाळाला हात लावला. ‘अगं बाई, किती खराब झालीस! काही आजारबिजार नाही ना?’ तिच्या डोळ्यांत खरी काळजी होती. पण ८४ किलोला जेवढं लागलं नव्हतं तेवढं मला ते ६९ किलोला लागलं. का लागलं, हे शोधता शोधता हा लेख झाला.

आधी त्या ‘खराब’कडे बघू. मराठीत दूध खराब होतं, रस्ता खराब असतो आणि माणूस बारीक झाला की तोही खराब होतो. वाळतो, खंगतो, रोडावतो, हडकतो. त्याचा चेहरा उतरतो, गालफडं बसतात. उलट ज्याचं वजन वाढतं तो सुधारतो, भरतो, अंग धरतो. त्याची ‘तब्येत छान’ होते. तब्येत म्हणजे खरं तर प्रकृती, पण ‘तिची तब्येत जरा जास्तच आहे’ असं आपण सहज म्हणतो. तान्ह्या बाळाला बाळसं येतं तेव्हा घर आनंदतं. चांगल्या स्थळाचं वर्णन ‘खात्यापित्या घरचं’ असं होतं. ‘सुटली’, ‘फुगली’, ‘आडवी वाढली’ हे टोचणारे शब्दही आहेत, नाहीत असं नाही. पण आपल्या भाषेचा जुना, खोलवरचा कौल भरलेल्या अंगाच्या बाजूने आहे.

हा कौल कुठून आला ते कर्जत-खालापुरात राहणाऱ्याला समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे भात लावणी आषाढात होते आणि हळवं भात हाती यायला दसरा उजाडतो. मधल्या दिवसांत गरिबाच्या घरातली कणगी रिकामी असायची. त्या दिवसांसाठी सावकाराकडून किंवा शेतमालकाकडून धान्य उचलायचं, त्याला ‘खावटी’ म्हणत. पावसाळ्यात बारीक झालेला माणूस म्हणजे खावटी न मिळालेला माणूस. दुसरी भीती रोगाची. टीबीला आपण नावच ‘क्षय’ दिलं, क्षय म्हणजे झिजणं. आजाराचं लक्षण आणि आजाराचं नाव एकच. ज्या आजीने अशी माणसं डोळ्यांसमोर झिजताना बघितली, तिच्या तोंडून ‘खराब झालीस’ हे घाबरून निघतं. ते आईकडे येतं, आईकडून डब्यातल्या मैत्रिणीकडे. भीतीचं कारण विसरलं जातं, शब्द राहतो.

आणि कारण तरी सगळ्यांसाठी कुठे संपलंय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या सुमारे २१ टक्के बायका उंचीच्या मानाने फार बारीक भरल्या आणि सुमारे २३ टक्के जाड. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. हे दोन्ही आकडे मी माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरात बघू शकते. कशेळ्याच्या पुढे ठाकर आणि कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. तिथल्या एका अंगणवाडीत मी बसले होते. आढ्याला अडकवलेल्या काट्याला झोळी, झोळीत पोर, पोर भोकाड पसरून रडतंय आणि त्याची आई श्वास रोखून काट्याच्या सुईकडे बघतेय. सुई दीडशे ग्रॅम पुढे सरकली होती. ती आई इतकं मोकळं हसली की मला तिच्याकडे बघवेना, कारण त्याच सकाळी घरच्या काट्यावर तीनशे ग्रॅम कमी दिसले म्हणून मीही तशीच हसले होते. दिवाळी झाली की यातली बरीच घरं वीटभट्टीवर जातात. पोर परत येईल तेव्हा त्या दीडशे ग्रॅमचं काय झालेलं असेल, हे अंगणवाडीताई बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

ही पार्श्वभूमी मी सबब म्हणून सांगत नाही. बोलणं प्रेमातून आलं तरी ऐकणारीच्या अंगावर ते पडतंच. गेले सहा महिने मी कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत वजन कमी करणाऱ्या, केलेल्या, करून पुन्हा वाढलेल्या बायका-पुरुषांशी बोलले. कोणाचंही नाव छापणार नाही असा शब्द दिला, म्हणून ती बोलली.

नेरळजवळच्या एका गावातली तिशीची मुलगी. लग्न ठरत नव्हतं तेव्हा आई रोज म्हणायची, ‘थोडी बारीक हो, पोरगं बघून परत जातंय.’ तिने दोन चपात्या कमी केल्या, माथेरानच्या रस्त्यावर जुम्मापट्टीपर्यंत चढून जायला लागली. नऊ किलो गेले, लग्न झालं. सासरी तिला तेच चालू ठेवायचं होतं. चौथ्या महिन्यात सासूने सगळ्यांदेखत ताटात जास्तीचा भात वाढला आणि म्हणाली, ‘लोक म्हणतील, आम्ही सुनेला उपाशी ठेवतो.’ ती मला म्हणाली, ‘ताई, लग्नाआधी माझं अंग आईची इज्जत होतं, आता सासूची आहे. माझं कधी होणार?’

खोपोलीच्या एका कारखान्यात काम करणारा पन्नाशीचा फिटर. रक्तदाब वाढला म्हणून कँटीनमधली भजी, वडे सोडले, घरून डबा न्यायला लागला. अकरा किलो उतरले. पाळीवरचे सगळे विचारायला लागले, ‘काय रे, वहिनी जेवायला घालत नाही का?’ तो हसून सोडून द्यायचा. एका लग्नात हाच प्रश्न त्याच्या बायकोसमोर आला आणि ती पंगतीतून उठून गेली. पहाटे पाचला उठून त्याच्यासाठी वेगळी भाजी करणारी तीच होती.

दोन्ही गोष्टींत एक धागा आहे. आपल्याकडे माणसाचं अंग हे त्याच्या घराचं प्रगतिपुस्तक समजतात. नवरा बारीक झाला तर बायको नापास, सून बारीक झाली तर सासू नापास, मूल बारीक तर आई. म्हणून सासू भात वाढते, बायको पंगतीतून उठते. बोलणाऱ्याला वाटतं आपण एका माणसाच्या वजनाबद्दल बोललो. प्रत्यक्षात घरातल्या दुसऱ्याच माणसावर आरोप झालेला असतो.

खोपोलीतच भेटलेल्या एका शिक्षिकेने मला दुसरी गोष्ट दाखवली, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली तिच्यात आहे. त्या रोज सकाळी बूट घालून चालायला निघत. पहिल्या दिवसापासून शेजार सुरू. ‘एवढ्या पहाटे कुठे?’ ‘या वयात बूट?’ ‘घरातली कामं केली तरी बारीक होता येतं हो.’ एका संकष्टीला त्या महडच्या वरदविनायकाला पायी निघाल्या. पाच-सहा किलोमीटरची वाट. तेच बूट, तीच वेळ. त्या दिवशी त्याच शेजारणी म्हणाल्या, ‘पुण्य आहे हो तुमचं. माझाही नमस्कार सांगा बाप्पाला.’ त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत तेव्हाही कोणी काही बोललं नाही. संकष्टी होती ना!

मग मी मागे वळून माझंच आयुष्य तपासलं. देवाच्या नावाने मी पंधरा वर्षं सोमवार केले, एका शब्दाने कोणी टोकलं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं की समोरची गप्प होते. मुलीला दाखवायचंय म्हणून वजन उतरवलेलं चालतं. कबड्डीचा मुलगा वजनाची अट बसावी म्हणून निवड चाचणीच्या आधी आठवडाभर भात सोडून पळत सुटतो, तर अख्खा रायगड जिल्हा त्याच्या पाठीशी उभा राहतो. गावच्या मैदानात पोरं आपापलं वजन ओरडून सांगतात आणि कोणाची मान खाली जात नाही. देव चालतो, डॉक्टर चालतो, स्थळ चालतं, संघ चालतो. फक्त ‘मी ठरवलंय’ हे कारण चालत नाही. विशेषतः बाईने दिलं तर. टोमणा किलोंवर नसतो, या ‘मी’वर असतो. मला डब्यात जे लागलं ते हेच होतं. त्या चौदा महिन्यांत मी पहिल्यांदाच स्वतःसाठी काही केलं होतं आणि मैत्रिणीला त्यात आजार दिसला.

माझं ठरवणंही एका कागदावरून सुरू झालं, हे सांगायला हवं. रक्ताच्या तपासणीत एचबीएवनसी ६.३ आलं. ६.५ आलं की मधुमेह, म्हणजे मी उंबरठ्यावर. वडिलांचा पाय याच आजाराने गेला होता. त्या रात्री मी झोपले नाही. दुसऱ्या दिवसापासून उल्हास नदीकाठच्या रस्त्याने पहाटे चालणं, रात्रीचं जेवण लवकर आणि भात निम्मा.

भात निम्मा करणं ही कर्जतमध्ये साधी गोष्ट नाही. इथल्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात भाताची जी वाणं तयार झाली त्यांना गावाचंच नाव आहे: कर्जत-२, कर्जत-३, कर्जत-७. आसपासच्या शेतांत तीच डोलतात. अशा गावात ‘मला एवढाच भात’ म्हटलं की यजमानीण दुखावते. ‘घरचा आहे, पॉलिशचा नाही, याने काही होत नाही.’ इथे टोमणा शब्दांतून येत नाही, वाढण्यातून येतो. मी नको म्हणत असताना पानात पडलेला भात मी कितीदा तरी संपवला आहे, कारण अन्न टाकायचं नाही ही शिकवण वजनाच्या आधीपासून अंगात आहे.

त्यात २०१८च्या सुमाराला आणखी एक भर पडली. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर उभं राहून, दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचं असा सल्ला दिला आणि महाराष्ट्रभर त्यांची व्याख्यानं गाजली. ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खा, तूप-भाताला घाबरू नका, आजीच्या स्वयंपाकघराकडे परत जा, असं सांगत होत्या. दोघांचंही ऐकून बरं वाटलेली माणसं मला कर्जतमध्ये भेटली. माझा मुद्दा त्यांच्या पद्धतींचा नाही. झालं असं की परक्या माणसालाही तुमच्या ताटात डोकावायचा परवाना मिळाला. ‘काय करतेस, दीक्षित की दिवेकर?’ हा प्रश्न मला बँकेच्या रांगेत, मयताच्या घरी आणि एकदा एसटीच्या कंडक्टरने विचारला आहे. ज्याचं नाव घ्याल त्याच्या विरुद्ध बाजूचा सल्ला लगेच हजर.

सगळ्यात फसवं बोलणं मात्र गोड असतं. ‘तुला काय गरज? तू कुठे जाड आहेस?’ हे ऐकून निम्म्या जणी थांबतात, हे मी बघितलं. म्हणून पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक छायाचित्र प्रत्येकाने बघावं असं मला वाटतं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बघून कोणाला ओळखता येईल? याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की आपली बाळं जन्मतः दिसायला किडकिडीत असली तरी आतून चरबी धरून असतात, आणि मधुमेहाची मुळं तिथपर्यंत जातात. शेजारणीची नजर हा काटा नाही. जाड म्हणणारीची नाही आणि ‘कुठे जाड आहेस’ म्हणणारीचीही नाही.

टोमण्याने माणूस सुधारतो, असं मानणारे पुष्कळ आहेत. ते मुंबईतली एक गोष्ट सांगतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये महापालिका निवडणुकीच्या दिवशी लेखिका शोभा डे यांनी एका जाड पोलिसाचा फोटो टाकून ‘भारी बंदोबस्ता’वर कोटी केली. तो पोलीस मुंबईचा नव्हताच. मध्य प्रदेशातले निरीक्षक दौलतराम जोगावत होते ते, आणि त्यांचं वजन खादाडपणातून नव्हे तर आजारातून वाढलेलं होतं, असं त्यांनी सांगितलं. पुढे मुंबईत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि वजन खूप कमी झालं. ‘बघा, टोमण्याचा फायदाच झाला की!’ मला हा हिशोब पटत नाही. त्यांना बरं केलं ते डॉक्टरांनी. टोमण्याने एवढंच केलं की एका माणसाचा आजार देशभर हसण्याचा विषय झाला.

यावर मोजमापही झालेलं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या २,९४४ जणांची चार वर्षांची नोंद तपासली. वजनावरून अपमानाची, भेदाची वागणूक मिळाली असं ज्यांनी सांगितलं, त्यांचं वजन सरासरी ०.९५ किलो वाढलं. ज्यांना ती मिळाली नाही त्यांचं ०.७१ किलो कमी झालं. मला हे वाचून नवल वाटलं नाही. ‘पुढच्या बाकावर बघा’ ऐकलं त्या रात्री कर्जतला उतरून मी दोन वडापाव उभ्याने खाल्ले होते, भूक नसताना.

मग उपाय काय केले लोकांनी? ज्याने त्याने आपापली वाट काढली. फिटरने पाळीवर एकदाच सगळ्यांना बसवून रक्तदाबाचा आकडा सांगितला आणि म्हणाला, ‘तिच्या हातचं खाऊन मी जिवंत आहे.’ त्यानंतर त्याला कोणी विचारलं नाही. दोघांनी डबा आणायला सुरुवात केली. शिक्षिका अजूनही शेजारणींना ‘महडला जाते’ म्हणतात, रोज. मला त्यात खोटं वाटत नाही, पण थोडं वाईट वाटतं. नेरळची मुलगी आणि तिची जाऊ यांनी ठरवून टाकलंय: सासू भात घेऊन आली की जाऊ आपलं पान पुढे करते. घरात एक साथीदार असला की शंभर टोमणे सोसतात, असं मला तिच्याकडे बघून वाटलं.

मी स्वतः आधी खुलासे द्यायची. साखर, वडील, तपासण्या. पण खुलासा दिला की पुढचा प्रश्न येतोच. आकडा सांगितला की तो डब्यात फिरतो आणि पुढच्या महिन्यात एक किलो वाढला की त्याचाही बोभाटा होतो. पूर्वी लोकल स्टेशनांवर वजनाची यंत्रं असायची. दिवे लुकलुकायचे, चक्र फिरायचं, नाणं टाकलं की खाली पुठ्ठ्याचं छोटं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, एका बाजूला भविष्य. लहानपणी मी भविष्य सगळ्यांना वाचून दाखवायची आणि आई वजनाची बाजू अंगठ्याखाली धरायची. आता कळतं तिने ते का झाकलं. मीही आकडा सांगणं बंद केलं. ‘खराब झालीस’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी महिनाभराने गाडीतच सांगितलं, ‘तू तसं म्हणालीस ते मला लागलं. मी आजारी नाही. मी हे ठरवून केलंय, आणि मला बरं वाटतंय.’ ती बदलापूर येईपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, ‘माझी आई टीबीने गेली. शेवटी अशीच दिसायची.’ दहा वर्षांत हे मला माहीत नव्हतं. आम्ही दोघी कर्जतला उतरलो तेव्हा तिने माझा हात धरला होता.

यंदा श्रावणात कर्जतच्या बाजारात रानभाज्या घ्यायला गेले. एक ठाकरीण म्हातारी दरवर्षी त्याच कोपऱ्यात बसते. पुढ्यात कुरडू, भारंगी आणि कंटोल्यांचा वाटा. मनगटं काटकीसारखी, बांगड्या कोपरापर्यंत सरकतील अशी. तिने मला वर्षाने बघितलं.

‘खराब झालीस गो बाय. जेवाया मिलतंय ना?’

या खेपेला मला लागलं नाही. तिने विचारलेला प्रश्न तिच्यासाठी खरा होता. मी खाली बसले आणि म्हणाले, ‘मिळतं गं आजी, भरपूर. मीच कमी खाते, मुद्दाम.’

‘मुद्दाम?’ तिने तो शब्द तोंडात घोळवला. माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग वाट्यातली कंटोली माझ्या पिशवीत ओतली, वर आणखी दोन टाकली.

‘ही खा मंग. नि भाकर अर्धी तरी खात जा.’